नऊ नंबरची जागा

सोमवारी चार वाजेपर्यंत यादी गेली पाहिजे, हा त्या कचेरीतला एकुलता एक नियम असा होता की जो कोणी मोडत नसे. बाकी नियम ढीगभर होते आणि त्यांचं व्हायचं ते होत असे. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची होती, ती दीड तास चाले. गाड्यांच्या चाव्या फळीवर लटकवायच्या होत्या, त्या ड्रायव्हरांच्या खिशात हिंडत. पण सोमवारी घड्याळाचा काटा तीनच्या पुढे सरकला की साहेब स्वतः खोलीतून उठून मॅडमच्या टेबलाशी येत आणि काही न बोलता उभे राहत. साहेब काही न बोलता उभे राहतात ही गोष्टच मुळी एवढी दुर्मिळ होती की काम आपोआप उरके.

यादी एका पानाची. दुष्काळानं होरपळलेल्या आणि वर दोन फौजांच्या कचाट्यात सापडलेल्या एका मुलखात संस्थेचे बारा दवाखाने चालत, त्यांच्या बारा ओळी. प्रत्येक ओळीत दवाखान्याचा नंबर, त्याचे अक्षांश-रेखांश आणि आत साधारण किती माणसं असतात तो आकडा. ही यादी समन्वय कचेरीत जाई आणि तिथून लढणाऱ्या दोन्ही बाजूंकडे. त्या बाजूंना कचेरीत कोणी नावानं ओळखत नसे. 'इकडचे' आणि 'तिकडचे', बस्स. इकडच्यांनी आणि तिकडच्यांनी यादी वाचायची आणि त्या बारा जागा सोडून जो काय धिंगाणा घालायचा तो घालायचा, असा करार होता. करारावर दोघांच्याही सह्या होत्या आणि त्याची एक प्रत साहेबांच्या खोलीत फ्रेम करून लावलेली होती.

मॅडम या सगळ्या कार्यक्रमाच्या आरोग्य सल्लागार. वय चौपन्न, शिक्षणानं डॉक्टर, पण स्टेथोस्कोप कित्येक वर्षं टेबलाच्या खणात पडलेला. सल्लागाराचं काम मोठं चमत्कारिक असतं. हाताखाली कोणी नाही, हुकूम द्यायचा अधिकार नाही, आणि काही बिनसलं की पहिला प्रश्न हाच, सल्ला कोणाचा होता? कुठे किती खाटा टाकायच्या, गोवर आला तर आधी कोणत्या गावाला लस द्यायची, मुलाचा दंड पट्टीनं किती भरला की त्याला दाखल करून घ्यायचं, हे त्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत बसून सांगत आणि चारशे किलोमीटरवरची माणसं तसं करत. बाहेरून त्या खमक्या दिसत. पण त्यांना खरी भीती वाटायची ती याचीच, की लोक आपलं ऐकतात.

नऊ नंबरचा दवाखाना अकरा आठवड्यांपूर्वी हलला, तोही त्यांच्याच सल्ल्यानं. आधी तो गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या शाळेत होता. जागा उत्तम होती, दगडी भिंती, ऐसपैस अंगण. पण आसपासच्या विहिरी आटल्या आणि पाणी उरलं ते तीन किलोमीटरवरच्या एका बोअरला. बाईनं सकाळी कॅन घेऊन पाण्याच्या रांगेत उभं राहायचं की सुकलेलं मूल कडेवर घेऊन शाळेत यायचं? बायका रांगेत उभ्या राहत होत्या आणि मुलं घरातच दगावत होती. मॅडमनी आकडे पाहिले, दोन दिवस डोकं धरून बसल्या आणि लिहिलं, दवाखाना बोअरपाशी न्या. तिथलं बियाण्यांचं एक रिकामं गोदाम मिळालं. पंधरा दिवसांत दवाखान्यात येणाऱ्या मुलांचा आकडा तिपटीनं वाढला. तो आलेख मॅडमनी छापून टेबलाच्या काचेखाली ठेवला होता, आणि कोणी भेटायला आलं की त्यांचं कोपर बरोबर त्याच्यावरून बाजूला सरकत असे.

नऊ नंबरच्या मुख्य नर्स म्हणजे मॅडमची वहिनी. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली. वहिनीनं शहरातल्या रुग्णालयाची नोकरी सोडून या कामात यावं, हासुद्धा मॅडमचाच सल्ला. वर्षभर म्हणून गेलेली वहिनी पाच वर्षं तिथेच होती. वायरलेसवर चारचौघांत वहिनी त्यांना 'मॅडम' म्हणे, आणि फोनवर दोघीच असल्या की 'वन्सं'. हा शब्द आता कोणी वापरत नाही हे दोघींनाही ठाऊक होतं आणि मजा त्यातच होती.

त्या सोमवारी सकाळी सव्वादहाला आकाशवाणी आत आली. आकाशवाणी म्हणजे वायरलेसच्या खोलीत बसणारा माणूस. बातमी कसलीही असो, तो ती एकाच सुरात सांगे, म्हणून हे नाव पडलेलं.

"मॅडम, नऊ नंबरच्या जुन्या शाळेवर तोफेचे गोळे पडले. दोन. पावणेदहाला."

मॅडम उठून फोनकडे वळल्या.

"शाळेवर," आकाशवाणीनं पुन्हा सांगितलं. "गोदामावर नाही. शाळा रिकामीच होती. छप्पर गेलं, मागची भिंत गेली. माणूस एकही नाही. वहिनीसाहेबांनी स्वतः कळवलंय, सगळे ठीक आहेत."

पाच मिनिटांत सारी कचेरी मॅडमच्या टेबलाभोवती जमली. चहा आला. साहेब आले. साहेबांना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि अलीकडे त्यांचे डोळे पटकन भरून येत. "तुम्ही हलवलं नसतं ना," ते म्हणाले, आणि वाक्य तिथंच सोडून त्यांनी काचेखालच्या आलेखावर हात ठेवला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मॅडमना रडू आलं आणि हसूही आलं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांना वाटलं की आपण या खुर्चीत बसतो ते काही अगदीच फुकट नाही.

सगळे पांगल्यावर त्यांनी यादी उघडली. दर सोमवारची रीत ठरलेली होती. मागच्या सोमवारची यादी उघडायची, वरची तारीख बदलायची, माणसांचे बारा आकडे नवे टाकायचे, पाठवायची. जागा काय बघायच्या? दवाखाने काय रोज उठून चालायला लागतात? आज मात्र शाळेचं छप्पर डोळ्यांसमोर होतं म्हणून त्यांची नजर नवव्या ओळीवर गेली. अक्षांश-रेखांश शाळेचे होते.

त्यांनी त्याच्या मागची यादी उघडली. शाळा. त्याच्या मागची. शाळा. अकरा सोमवार त्या तारीख बदलत होत्या आणि अकरा सोमवार नऊ नंबरचा दवाखाना कागदावर शाळेतच बसून होता. माणसांचा आकडा मात्र दर आठवड्याला ताजा. मागच्या सोमवारी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, मुलं आणि आया धरून नव्वद.

आधी त्यांना लाज वाटली. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या तक्त्यांतल्या चुका लाल पेनानं गोल करणारी बाई, आणि हे असं. मग हळूहळू दुसरंच काहीतरी मनात यायला लागलं आणि त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. त्या शाळेच्या आसपास काय आहे ते त्यांना पाठ होतं. काही नाही. रस्ता नाही, चौकी नाही, गाव अर्धं उठून गेलेलं. गुरंसुद्धा तिकडे फिरकत नव्हती. मग एका रिकाम्या शाळेवर, आजूबाजूला एकही न पडता, नेमके दोन गोळे? त्या शाळेत सकाळी नव्वद माणसं असतात असं सांगणारा अवघ्या जगात एकच कागद होता आणि तो या टेबलावरून गेला होता.

त्या साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, यादीत नऊ नंबर अजून शाळेतच आहे. बदलायचं राहून गेलं माझ्याकडून."

साहेबांच्या चेहऱ्यावरचा सकाळचा आनंद ओसरला. "अहो, मग आजच्या आज दुरुस्त करा. बरं झालं लक्षात आलं. उद्या गोदामावर काही झालं असतं तर म्हणाले असते, तुम्ही सांगितलंच कुठे?"

"मी ते म्हणत नाहीये. रिकाम्या शाळेवर कोणी दोन गोळे कशाला वाया घालवेल?"

साहेब उठले, त्यांनी दार लावलं आणि परत येऊन बसले. "हे वाक्य या खोलीबाहेर बोलू नका."

"पण विचार तर करा."

"विचार केला तर बाराही दवाखाने बंद करावे लागतील. यादी गेली नाही तर करार मोडला म्हणून उद्या सकाळी ट्रक नाक्यावर अडतो. मुलांच्या दुधाची पावडर किती दिवसांची आहे तिथे?"

"सहा."

"मग?" साहेब चष्मा पुसू लागले. "हे बघा, यादी चुकीची असली आणि काही झालं तर चूक आपली."

"आणि बरोबर असली आणि काही झालं तर?"

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तर त्यांची," ते म्हणाले.

साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांना घाम फुटला होता आणि हाताला लागेल त्या नियमाला ते धरून बसले होते. मॅडमना त्यांचा राग आला नाही, उलट आपणही असंच कशाला तरी धरून बसता आलं तर बरं, असंच वाटलं.

टेबलावर परत येऊन त्यांनी नवव्या ओळीत गोदामाचे अक्षांश-रेखांश लिहिले. खोडले. पुन्हा लिहिले. लिहिले की त्यांच्या डोळ्यांसमोर पत्र्याच्या छपराखालच्या खाटा यायच्या, आणि खोडले की वाटायचं, उद्या कोणी खरोखरच न जाणता त्या गोदामावर गोळा टाकला तर? एका ओळीतले ते आकडे घालावेत तर वहिनीला दाखवून दिल्यासारखं आणि न घालावेत तर वाऱ्यावर सोडल्यासारखं. दीड वाजला तेव्हा त्यांनी सॅटेलाइट फोन उचलला.

"बोला वन्सं," वहिनीचा आवाज नेहमीसारखा अर्धा सेकंद उशिरा आला. मागे कॅन वाजत होते, एक मूल किरकिरत होतं. "सकाळपासून तिसरा फोन. जिवंत आहे म्हटलं ना मी."

"वहिनी, जरा बाजूला या. एकट्या."

"बाजूला कुठे येऊ? गोदामाला दारं किती, एक. बोला तुम्ही."

मॅडमनी सांगितलं. यादीतली चूक सांगितली, नव्वदचा आकडा सांगितला, आपल्याला काय वाटतंय तेही सांगितलं.

"म्हणजे कागदावर आम्ही शाळेत होतो," वहिनी म्हणाली.

"हो."

"आणि म्हणून आज बोलतोय."

"असं वाटतं. खात्री नाही माझी."

"वन्सं, आयुष्यात एक चूक केलीत आणि तीही कामाची," वहिनी हसली. हसणं मधेच थांबलं. "मला भीती वाटायला लागली हो."

"मलाही वाटतेय." मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "चार वाजता यादी जाते. गोदाम घालू की नको? तुम्ही सांगाल तसं. नको म्हणालात तर नाही घालणार, साहेबांचं मी बघून घेईन."

"तुम्ही मला विचारताय."

"मग कोणाला विचारू?"

"तेही खरंच. मी वहिनी पडले तुमची." वहिनीच्या आवाजात टोमणा नव्हता, ती खरोखर विचारात पडली होती. "बाकीच्या अकरा ठिकाणी बसल्यात त्या कोणाच्या कोणी लागत नसतील का? त्यांना विचारलंत?"

सव्वादहापासून दीडपर्यंत मॅडमनी एका ओळीशिवाय दुसऱ्या कशाचा विचार केला नव्हता. बाकीच्या अकरा ओळी बिनचूक होत्या. त्या त्यांनी यादी सुरू झाली तेव्हा स्वतः तपासलेल्या होत्या, दशांश चिन्हापुढच्या शेवटच्या आकड्यापर्यंत, आणि मागच्या सोमवारचा कागद या घडीला इकडच्यांकडेही होता आणि तिकडच्यांकडेही. आता तो बदलून काही परत येणार नव्हता.

"नाही विचारलं," त्या म्हणाल्या.

"मग ते आधी करा. आणि माझं ऐका. कागदावर एका दवाखान्याला एकच जागा लिहिता येते ना? मग आम्ही एका जागी राहतच नाही. बोअरच्या मागे वस्ती आहे, चाळीसेक घरं. घरटी एक मूल आणि त्याची आई ठेवते. सलाईन काय, खुंटीलाही लटकतं. मी आणि माझ्या पोरी घरोघर फिरत राहू."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मॅडमनी याच्यावर दोन पानं विरोधात लिहिली असती. दूध मोजून कोण देणार, एकाचा आजार दुसऱ्याला लागला तर काय, ताप कोण बघणार. ते सगळं ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. "करा," त्या म्हणाल्या. "सगळी एक्केचाळीस मुलं हलवा."

"एकोणचाळीस. दोघांना ऑक्सिजन लावलाय, ते यंत्र जनरेटरला जोडलेलं. ती दोघं हलायची नाहीत. त्यांच्याजवळ मी थांबते."

"वहिनी..."

"ठेवा आता. बॅटरी खाल्लीत माझी."

त्यानंतरच्या दोन तासांत मॅडमनी सहा दवाखान्यांना फोन लावले. प्रत्येकाला सारखंच सांगितलं, आधी आपली चूक, मग शाळा, मग काय करायचं ते. हुकूम नाही, सल्ला आहे, असं सवयीनं म्हणायला जात आणि थांबत. एक नर्स फोनवरच रडू लागली. एकीनं विचारलं, लेखी मिळेल का? पाच नंबरचे म्हातारे कंपाउंडर सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मॅडम, आम्ही महिन्यापासून आत कोणाला झोपूच देत नाही. अंधार पडला की सगळे शेजारच्या घरांत. तुम्हाला कळवलं नाही, रागवाल म्हणून." मॅडम नुसत्या "बरं केलंत" म्हणाल्या.

पावणेचारला साहेब येऊन उभे राहिले. मॅडमनी वरची तारीख बदलली. नवव्या ओळीत त्यांनी शाळेची जागाच ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा त्या जाणूनबुजून खोटं लिहीत होत्या आणि बोट जराही अडखळलं नाही याचंच त्यांना आश्चर्य वाटलं.

"दुरुस्त केलंत?" साहेबांनी विचारलं.

"केलं."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं नाही. वाकून पाहिलं असतं तर दिसलं असतं, आणि हे त्यांनाही कळत होतं, असं मॅडमना वाटलं. यादी गेली. साहेब खोलीत परतले आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं.

पाच वाजता वहिनीचा निरोप आला, एकोणचाळीस बाहेर, दोघं आणि मी आत, पंख्याखाली नुसती ऐश चाललीय. मॅडमनी तो चार वेळा वाचला. तोवर बाकीचे दवाखानेही लागले होते, एकच सोडून. चार नंबर फोन उचलत नव्हता. चार नंबर सगळ्यांत मोठा, यादीत त्याच्यापुढे एकशे साठचा आकडा. त्यांनी सात वेळा लावला. आकाशवाणी वायरलेसवरून हाका मारत होता आणि त्याचा तो एकसुरी आवाज भिंतीपलीकडून येत होता, चार नंबर, चार नंबर, ऐकू येतंय का. मॅडम खिडकीशी गेल्या, परत आल्या. खाली रस्त्यावर माणसं भाजी घेत होती, घासाघीस करत होती. त्यांनी आठव्यांदा फोन लावला.

पाच-वीसला तो उचलला गेला. आवाज एका तरुण नर्सचा होता, धापा टाकत.

"मॅडम, सॉरी, फोन खाली राहिला होता. सगळे वर होतो."

"वर म्हणजे कुठे?"

"छपरावर. दुपारपासून आभाळात काहीतरी बारकं घिरट्या घालतंय, घों घों करत. त्याला नीट दिसावं म्हणून पत्र्यावर चुन्यानं दवाखान्याची खूण काढतोय. चांगली मोठी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. झालीच आता."

"खाली उतरवा सगळ्यांना," मॅडम म्हणाल्या. आपला आवाज इतका शांत कसा, हे त्यांना कळेना. "मुलं आणि आया घ्या आणि वस्तीतल्या घरांत पांगा. एका घरात चार माणसांच्या वर नको. सामान राहू दे. आत्ता, या मिनिटाला."

फोनमधून ती घरघर मॅडमना स्पष्ट ऐकू आली.

"पण मॅडम," नर्सनं विचारलं, "आपण यादीत आहोत ना?"

"आहोत," मॅडम म्हणाल्या. "म्हणूनच सांगतेय. पळा."